कुंकू लागतं ते हार्डवेअर

नाही, तो टीव्ही म्हणजे कंप्युटर नाही, हे मी आज सकाळपासून चौथ्यांदा सांगतोय, एकदा सेलूच्या स्टेशनावर, दोनदा गाडीत, आणि एकदा इथं पूर्ण्याला तुमच्या क्लासच्या जिन्यात, आणि वर तुमचे सर म्हणतात, हेच सगळं नव्या मुलांना लिहून आणून वाचून दाखवा… आता आणलंय घरून लिहून, आजचं तेवढं जिन्यात बसून वर जोडलंय. पण आधीच माफी मागतो. या कागदावर ऱ्हस्व-दीर्घाचा काही भरवसा नाही आणि शब्द सगळे साधे आहेत, कारण मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, आणि शाळेत होतो तेव्हाही मराठीच्या बाई माझी वही दोन बोटांत धरायच्या. तोंडी बोललो असतो, पण तुम्हाला सांगतो, समोर चार माणसं बसली की माझी जीभ टाळूला चिकटते, मग पाणी प्यावं लागतं, आणि पाणी प्यायलो की काय बोलायचं होतं तेच आठवत नाही. कागद असला की बरं असतं. कागदाकडे बघत राहता येतं.

तर मी चन्नप्पा. सेलूच्या एका जिनिंगमध्ये कामाला. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, हे रेल्वे कॉलनीतल्या मुलांसाठी सांगतो, बाकीच्यांना माहीतच आहे. आज मी तिथला कंप्युटर ऑपरेटर आहे. हे वाक्य मी निघताना आरशापुढं तीनदा म्हणून बघितलं, तिसऱ्यांदा जरा बरं जमलं. कारण एक्क्याण्णवच्या दसऱ्यापर्यंत, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत, मी तिथला ऑइलमन होतो. हातात तेलाचा डबा, खांद्यावर फडकं, आणि बारा रेच्यांच्या बेअरिंगांना तेल. रेचा म्हणजे ज्याच्या तोंडात कापूस घातला की एकीकडे रुई निघते आणि खाली सरकी पडते ते मशीन. रेचा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि पुढचं काही लिहून घेतलं नाही तरी चालेल, पण एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कुंकू लागतं ते हार्डवेअर, कुंकू लागत नाही ते सॉफ्टवेअर. हसू नका. हे पुस्तकात नाही. हे मी काढलंय.

झालं असं की त्या वर्षी आमचे मालक दिनकरराव यांनी कंप्युटर घेतला. तीन खोके आले. त्या खोक्यांसाठी ऑफिसशेजारची खोली पांढरी करून घेतली, खिडकीला कूलर बसवला, आणि परभणीहून शिकवायला सर आले होते त्यांनी पहिलाच हुकूम काढला, चपला बाहेर काढायच्या. का? तर आत धूळ जाते. आता जिनिंगमध्ये धूळ नाही अशी जागा कुठंय सांगा, आमच्या डाळीत धूळ असते, आमच्या नाकात रुई असते, पण तुम्हाला सांगतो, त्या चपलांच्या हुकमानं सगळा कारखाना बदलून गेला. ज्या खोलीत चपला काढून जायचं तिथं माणूस काय करणार? सरजाबाई, म्हणजे आमच्या बायांची मुकादम, पन्नाशीची, आवाज असा की बारा रेच्यांच्या वर ऐकू यावा, ती दारापाशी आली, चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि उंबऱ्यावर कापसाचं एक बोंड ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर अकरा बोंडं.

मालकाला भाचा आहे, भुजंग. बी.कॉम. आणि वर नांदेडला तीन महिन्यांचा कोर्स. तो त्या खोलीत खुर्चीवर बसणार हे ठरल्यासारखंच होतं. पण त्याचं एक होतं, विचारलेलं त्याला आवडायचं नाही. "भुजंगराव, ह्याच्यात काय करायलाय?" असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "तुला सांगून काय कळंल? ह्याला डोकं लागतं, तेलाचा डबा न्हाई."

डबा कोणाच्या हातात होता? माझ्या.

मला राग आला नाही. मला कधीच वेळेवर राग येत नाही, तीन दिवसांनी येतो. पण परभणीचे सर दहा दिवस होते, त्यातले पहिले दोन मी प्लग आणि अर्थिंग नीट करायला आत होतो, आणि उरलेले आठ मी प्लग नीट आहे का ते बघायला आत होतो. सर सांगायचे, मी भिंतीशी उभा राहून ऐकायचो, आणि बाहेर येऊन रेच्यांना तेल घालता घालता प्रत्येक शब्दाला आमच्या कारखान्यातला शब्द जोडून बघायचो. जोडला गेला की कळलं. नाही जोडला गेला की दुसऱ्या दिवशी परत प्लग बघायला.

शेवटच्या दिवशी सर म्हणाले, या मशीनचा सगळा कारभार एका फ्लॉपीवर आहे, त्या फ्लॉपीची एक कॉपी काढून ठेवा. फ्लॉपी म्हणजे काळं चौकोनी पाकीट, हातपंख्यासारखं लवतं, आत तपकिरी चकती. भुजंग म्हणाला, "कशाला सर, ही नवीच हाय." मी मात्र थांबलो. आमच्याकडे रेच्याच्या प्रत्येक पट्ट्याला एक जोडपट्टा कपाटात असतोच, नसला तर हंगामात काय होतं ते मी बघितलंय. सगळे गेल्यावर सरांना म्हणालो, "मला द्याल काढून? कोरी फ्लॉपी मी आणलीय." सरांनी मशीनला दोन तोंडं होती त्यांत दोन फ्लॉप्या घातल्या, मिनिटभर घरघर झाली, आणि कॉपी माझ्या हातात दिली. मी ती कागदी पाकिटात घालून माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवली, पाना-पक्कडीच्या शेजारी. भुजंगनं ते बघितलं नाही. बघितलं असतं तर हसला असता.

मग आली खंडेनवमी. आता तुम्हाला माहीत आहे, खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आमच्याकडे रेचे धुऊन पुसून तेल लावून सजवतात, वजनकाट्याला हार, पान्याला हार, आणि एकदा पूजा झाली की कुठलंच हत्यार हलवायचं नाही, हात लावायचा नाही, ते सरळ दुसऱ्या दिवशी दसऱ्याला. दसऱ्याला आमच्या हंगामाचा मुहूर्त असतो. पहिली कापसाची गाडी येते, काट्यावर चढते, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच तिची पावती कंप्युटरमधून निघणार होती.

पण माणसं कुरकुरायला लागली होती. शेतकरी म्हणत, काट्यावरचा माणूस दिसतो, वही दिसते, पेटीत गेलेलं वजन कोणाला दिसतं? बाया म्हणत, उद्या ही पेटी आमची हजेरी बी खाईल. म्हणून दिनकररावांनी खंडेनवमीच्या सकाळी सगळ्यांना अंगणात बोलावलं. मशीन पांढऱ्या खोलीतून बाहेर आणून चौरंगावर मांडलं, समोर पूजेचं ताट. दोनशे माणूस. आणि ते म्हणाले, "ही पेटी काय हाय ते ह्या लोकायला ज्याला सांगता यील, त्याच्याकडं खोलीची किल्ली. मंग तो कोणी का असंना." आणि तुम्हाला सांगतो, ते बोलताना माझ्याकडे बघत होते. प्लग बघायला आठ दिवस लागत नाहीत हे मालकाला कळत नसेल का?

भुजंग आधी उठला. म्हणाला, "कंप्युटर म्हणजे एक असं इलेक्ट्रॉनिक डिव्हाइस, जे डाटा ॲक्सेप्ट करून, प्रोसेस करून, डिझायर्ड आउटपुट प्रोड्यूस करतं."

सरजाबाई म्हणाली, "बापू, आता मराठीत सांगा."

"हे मराठीच हाय."

"बरं मंग," ती म्हणाली, आणि शेजारच्या बाईकडून तंबाखू घेतली.

माझा नंबर आला. दोनशे माणूस. जीभ टाळूला. पाणी मागावं तर पाणी फक्त पूजेच्या तांब्यात. बोलायचं कुठून? मान खाली घातली तर समोर ताट, आणि ताटात कालवलेलं कुंकू. आणि का कोण जाणे, त्या कुंकवाकडे बघत बघत मी बोलायला लागलो, कोणाकडे बघितलंच नाही.

मी म्हणालो, ही काच आहे ना, टीव्हीसारखी, हा मॉनिटर, पण हा कंप्युटर नाही. रेचा चालू असतो तेव्हा आपण खिडकीतून बघतो, ही ती खिडकी. खिडकी लावून घेतली म्हणून रेचा थांबतो का? ही बटणांची पाटी, हा कीबोर्ड, हे सरजाबाईचं टोपलं, यातून नावं आणि आकडे आत घालायचे, घातलं ते इनपुट. ही आडवी पेटी, यात सीपीयू, हा खरा रेचा, कापूस इथं फुटतो. रेच्यापुढं ओटा असतो, चालू कामाचा कापूस तिथं पडतो, तसा याच्या पोटात एक ओटा आहे, त्याला मेमरी म्हणायचं, आणि लाईट गेली की हा ओटा आपोआप साफ होतो, काही उरत नाही. म्हणून जे टिकवायचं ते लाईट जायच्या आत गोदामात न्यायचं, ते गोदाम म्हणजे फ्लॉपी. आणि हा प्रिंटर, हा आपला गाठी बांधायचा प्रेस, इथून बांधून बाहेर पडतं ते आउटपुट. वजन पेटीत हरवत नाही. घातलं तेच बाहेर येतं. चुकीचं घातलं तर चुकीचं येईल, कारण रेच्यात ज्वारी घातली तर रुई निघत नाही.

कोणी तरी हसलं. चांगलं हसलं. मी वर बघितलं नाही.

मी म्हणालो, आता हे जे सगळं सांगितलं त्याला हात लावता येतो, हार घालता येतो, कुंकू लावता येतं. हे हार्डवेअर. पण बारा रेचे उभे आहेत, पट्टे चढवलेत, मोटार चालू आहे, आणि एक दिवस सरजाबाई आलीच नाही. काय होतं? बायांना कळत नाही कोणत्या रेच्याला किती घालायचं, कधी थांबायचं, ओला कापूस आला तर काय करायचं. रेचे तेच, बाया त्याच, आणि काम बंद. म्हणजे सरजाबाईकडे असं काय आहे? हातात काही नाही. डोक्यात आहे. "आता घाल, आता थांब, ते बाजूला काढ." हे जे सांगणं आहे, पहिलं काय, मागून काय, ते सॉफ्टवेअर.

सरजाबाई उभी राहिली. "म्हंजे मी सापटेर हाय व्हय रं?"

"तू नाहीस बाई, तुझं डोकं चालतं ते."

"मंग आत्ताच म्हनलास, हार्डेरला कुकू लावता येतंय. मला तर रोज लागतंय."

दोनशे माणूस हसलं. आणि त्या हसण्यातच माझ्या तोंडून ते वाक्य निघालं, मी तयार केलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, कुंकू तुझ्या कपाळाला लागतं, तुझ्या हुशारीला लागत नाही. कपाळ हार्डवेअर. कुंकू लागतं ते हार्डवेअर, कुंकू लागत नाही ते सॉफ्टवेअर."

सरजाबाईनं कपाळाला हात लावून बघितला. मग बायांकडे वळून म्हणाली, "लेकरानं बराबर सांगितलं. कळलं का गं?" आणि बाया म्हणाल्या, कळलं. दोनशे माणसांना कंप्युटर कळला, तुम्हाला सांगतो, दोनशे, आणि सांगणारा कोण, नववी. दिनकररावांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी ती मुठीत एवढी दाबली की तिचे दात तळहातावर उमटले. आयुष्यात मला लोकांसमोर काही मिळालं असेल तर तेवढंच.

आता इथंच थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण पूजा राहिली होती ना.

मालकांच्या आई, पार्वतीबाई, पंचाहत्तरीच्या, पूजा त्यांच्या हातची. त्यांनी मॉनिटरला कुंकू लावलं, कीबोर्डला लावलं, आडव्या पेटीला, प्रिंटरला, वायरीला सुद्धा. आणि मग थांबल्या. "का रं चन्नप्पा, ज्याच्या सांगन्यावर हे समदं चालतंय त्यालाच कुकू न्हाई? त्या सापटेरनं काय घोडं मारलं?"

मी म्हणालो, "मोठ्या आई, त्याला लागत नाही."

"लागत न्हाई म्हंजे? ऱ्हातंय कुठं ते? जागा दाव त्याची."

आणि मी, किल्लीच्या धुंदीत, मोठ्या दिमाखात ती फ्लॉपी उचलून त्यांच्यासमोर धरली. "यात राहतं." अहो, नुसतं पेटीत म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण नाही, मला दाखवायचं होतं. आता त्या काळ्या पाकिटाला मधे एक लांबट खिडकी असते, तिथं आतली चकती उघडी दिसते, मशीन तिथूनच वाचतं, तिथं बोट लावायचं नाही असं सरांनी दहा दिवसांत वीस वेळा सांगितलं होतं. आणि ती खिडकी कशी दिसते? कपाळावर गंधाला जागा सोडावी तशी दिसते. पार्वतीबाईंचं बोट ताटात गेलं, कुंकवात बुडालं, वर आलं… मला दिसत होतं. मला बोट येताना दिसत होतं. एकच शब्द पाहिजे होता, "थांबा." दोनशे माणसांपुढं मेमरी सांगितली, आउटपुट सांगितलं, आणि तेवढा एक शब्द निघाला नाही, कारण मालकाच्या आईला, पूजेच्या वेळी, भरल्या अंगणात थांबा म्हणणारा माणूस आमच्या घरात जन्मलेला नाही. बोट टेकलं. चांगलं दाबून वरपासून खालपर्यंत ओढलं. वर पाच अक्षता चिकटवल्या.

कुंकू लागत नाही ते सॉफ्टवेअर. लागलं.

त्यांनी फ्लॉपी ताटात ठेवली, आरती झाली, आणि म्हणाल्या, "आता उद्यापस्तोर कोनी हात लावू नगा." भुजंग माझ्या कानाशी आला. "काय रे चन्नप्पा, फ्लॉपी एकच हाय ना आपली? आता मोठ्या आईला तूच सांग, तुमच्या हातानं मशीन मेलं म्हणून. न्हाई सांगितलंस तर उद्या मुहूर्ताला गाडी काट्यावर उभी राहील, मामा म्हणतील पावती काढ… मंग किल्ली कुठं जाती ते बघू."

 मला घरी हत्यारांच्या पेटीत ठेवलेली कॉपी आठवली होती. किल्ली मुठीत धरून मी जो पळालो तो जिनिंगपासून घरापर्यंत. दार ढकललं, आणि बघतो तर आईनं, म्हणजे शिवम्मानं, माझी हत्यारांची पेटी देवासमोर मांडलेली. पूजा झालेली. पान्यावर भस्माचे तीन पट्टे, पक्कडीवर तीन पट्टे, हातोडीवर तीन पट्टे, आणि मधोमध, झेंडूच्या फुलांच्या ढिगाखाली, माझी फ्लॉपी. दिसत होता तेवढा कोपरा भस्माच्या पट्ट्यांनी पांढरा.

मी खालीच बसलो.

"काय झालं रे चन्नू?"

"आई, ते काळं… ते पाकिटातून बाहेर काढलंस का गं?"

"आता हात लावू नको. पूजा झालीय. उद्या सकाळी बघ."

"बाहेर काढलंस का तेवढं सांग."

"मला काय आठवतंय? वीस हत्यारं होती. पांढरं दिसलं, लावलं भस्म."

पांढरं म्हणजे कागदी पाकीट पांढरं, की भस्म लावल्यावर पांढरं? दोन हातांच्या अंतरावर फ्लॉपी होती आणि हात लावायचा नव्हता. मी वाकून बघितलं, आडवं होऊन बघितलं, फुलांना फुंकर मारून बघितली, आई म्हणाली, "देवापुढं काय नाटक लावलंस?" तुम्ही म्हणाल, उचलून बघायचं होतं. तुमची आई समोर बसली असती तर उचललं असतं का तुम्ही?

दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवस उगवायच्या आत, मी आंघोळ करून देवापुढं बसलो. आईनं उदबत्ती ओवाळली आणि 'उचल आता' म्हणून मान डोलावली. मी फुलं बाजूला केली. पाकीट होतं. कागदी पाकीटच होतं, तिनं वरूनच भस्म लावलं होतं. आत फ्लॉपी जशी सरांनी दिली तशी, काळी, कोरडी, स्वच्छ. आई म्हणाली, "रडायला काय झालं? हत्यार तर धड हाय की." फ्लॉपी शर्टाच्या आत धरून मी जिनिंगला गेलो, मशीन परत खोलीत मांडलं, चपला बाहेर काढल्या, फ्लॉपी घातली, बटण दाबलं. घरघर… घरघर… आणि काचेवर एक ए आणि त्याच्यापुढं बाण. ते दोनच अक्षरांचं एवढंसं, पण तुम्हाला सांगतो, मी त्याला नमस्कार केला.

पहिली गाडी आश्रुबाची होती. म्हातारा शेतकरी, काट्यापाशी पटका सावरत उभा. भुजंग दारात हाताची घडी घालून. मी नाव घातलं, वजन घातलं, प्रिंटर करकरला, पावती बाहेर आली. आश्रुबा म्हणाला, "ह्याच्यात मव्हं नाव कोणतं?" मी बोट ठेवून दाखवलं, त्यानं त्यावर आपलं बोट ठेवलं, मग पावती घडी करून पटक्यात खोवली. भुजंगनं हाताची घडी सोडली आणि म्हणाला, "चालू कसं झालं बे?" मी म्हणालो, "जोडपट्टा होता." वेळेवर बोललो, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि तेवढ्यात पार्वतीबाई आल्या. पावती बघितली, मशीन बघितलं, आणि ताटातली ती कुंकवानं भरलेली फ्लॉपी उचलून सगळ्यांना दाखवली. "बगा, कुकवाचा गुन. एका झटक्यात चालू झालं. खरा जीव ह्याच्यात हाय, ह्यो हितं धुळीत कशाला? मी देवघरात ठिवते." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय रं, बराबर हाय ना?"

सांगायचं होतं. शपथेनं, सांगायचं होतं. दोनशे माणसांना सांगून झालं होतं, एका बाईला सांगायला काय लागतं? पण मी "हो मोठ्या आई" म्हणालो, दोन्ही हात लावून फ्लॉपी त्यांच्या ओंजळीत नीट ठेवली, आत गेलो, दाराला कडी लावली, आणि त्या सकाळीच आणखी दोन कॉप्या काढल्या… एक कामाला, आणि एक पुढच्या खंडेनवमीच्या कुंकवाला.